जुनं जंगल वाढायचं थांबतं का? यवतमाळच्या सागवनातून समजून घ्या झाडाचं वय आणि मातीचा हिशोब

समजा, यवतमाळ जिल्ह्यात शेजारी-शेजारी जंगलाचे दोन तुकडे आहेत. एकात दहा वर्षांपूर्वी लावलेलं सागाचं रोपवन, सगळी झाडं एका वयाची, रांगेत उभी. दुसऱ्यात सत्तर-ऐंशी वर्षांचं मिश्र जंगल. साग आहे, सोबत धावडा, ऐन, सालई, मोह, तेंदू, बिजा आहे आणि खाली झुडपांची गर्दी. उपग्रहाच्या फोटोत दोन्ही तुकडे हिरवे दिसतात. देशातलं जंगल मोजणारी भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था किमान एक हेक्टर जागा आणि १० टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असली की ती जागा वनाच्छादनात धरते. झाडं कोणती आहेत, कुणाच्या मालकीची आहेत आणि किती वर्षांची आहेत, हे त्या आकड्यात येत नाही.

जमिनीवर मात्र फरक मोठा आहे. पहिला तुकडा भराभर वाढतोय आणि त्यासाठी मातीतून ओढून घेतोय. दुसरा हळू वाढतोय, पण त्याचा बराचसा खर्च घरच्या घरी भागतोय. जंगलाच्या वयाचा सगळा विषय या एका फरकात आहे. एक तोडलं, दुसरं लावलं, हिशोब बरोबर, असं म्हणणाऱ्यांची गडबड होते तीही इथेच.

यवतमाळचं जंगल नेमकं किती वयाचं?

जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा वनाच्छादित. यवतमाळ, पुसद आणि पांढरकवडा असे वन विभाग, शिवाय टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्यं. २०१९ मध्ये ज्या वाघाच्या पायी प्रवासाची देशभर चर्चा झाली आणि ज्याला 'वॉकर' हे नाव पडलं, तो याच टिपेश्वरचा. इथलं जंगल कोरडं पानझडी. म्हणजे हिवाळा संपता संपता पानं गळायला लागतात आणि उन्हाळ्यात डोंगर पार उघडे पडतात.

या जंगलाचं वय सांगणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात होतं. १९०५ पर्यंत जिल्ह्याचं नावही वणी (इंग्रजी कागदांत वून) असं होतं. इंग्रजांनी वऱ्हाडातल्या जंगलांचे तीन वर्ग केले होते. 'अ' वर्ग इमारती लाकूड आणि जळणासाठी, 'ब' वर्ग चाऱ्याच्या रमण्यांसाठी, 'क' वर्ग गुरं चारायला. लाकडासाठी राखलेल्या जंगलांत पुढे कूप पाडून तोड होत राहिली. जंगलाचे भाग पाडायचे, ठरलेल्या वर्षी ठरलेला भाग तोडायचा, काही चांगली झाडं राखायची आणि बाकीच्या खुंटांना धुमारे फुटू द्यायचे, अशी ती पद्धत.

सागाच्या खुंटाला धुमारा जोमात फुटतो. मुळांत आधीचा साठा असतो, त्यामुळे तो बियाण्याच्या रोपाला सहज मागे टाकतो. गंमत अशी की वर दिसणारं खोड वीस वर्षांचं आणि खाली जमिनीतलं मूळ त्याच्या आजोबांच्या वयाचं, असा प्रकार इथे सर्रास सापडतो. अशा झाडाचं वय काय लिहायचं? वनखातं खोडाचं लिहितं. मातीच्या दृष्टीने मुळांचं वयही तितकंच महत्त्वाचं असतं.

संशोधकांपुढेही हीच अडचण. एकच जंगल ऐंशी वर्षं मोजत बसणं शक्य नसतं. म्हणून एकाच प्रकारच्या मातीवरची ५, १०, २०, ४० वर्षांची रोपवनं निवडून त्यांची तुलना करतात. एका माणसाचं आयुष्य बघण्याऐवजी एकाच घरातली चार पिढ्यांची माणसं बघावीत, तसं. पद्धत कामाची आहे, पण जमीन खरोखर सारखी असेल तरच. चांगली जमीन आधी लावली आणि मुरमाड जमीन नंतर, असं झालेलं असेल तर वयाच्या नावावर जमिनीचा फरक खपून जातो.

झाड म्हातारं झालं की वाढ थांबते?

सागाचं कापलेलं खोड पाहिलं असेल तर त्यात गोल-गोल वलयं दिसतात. सागाला साधारण वर्षाला एक वलय पडतं. पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर अरुंद. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ जुन्या सागाची वलयं मोजून पूर्वीच्या मान्सूनचा अंदाज बांधतात.

या वलयांत मधली रुंद असतात आणि सालीकडची बारीक होत जातात. बघणाऱ्याला वाटतं, झाडाची वाढ मंदावली. पण इथे थोडं गणित करावं लागतं.

एक लहान झाड घ्या, खोडाची त्रिज्या ३ सेंटिमीटर. यंदा त्याला ६ मिलिमीटरचं वलय पडलं. म्हणजे खोडाच्या कापात सुमारे १२ चौरस सेंटिमीटर नवं लाकूड आलं. आता एक मोठं झाड घ्या, त्रिज्या २० सेंटिमीटर. त्याला फक्त २ मिलिमीटरचं वलय पडलं, लहान झाडाच्या एक तृतीयांश. तरी घेर मोठा असल्यामुळे नवं लाकूड भरतं सुमारे २५ चौरस सेंटिमीटर. दुप्पट! वर उंची जास्त, फांद्या जास्त, तो भाग अजून धरलेलाच नाही.

जगभरातून हेच दिसलं आहे. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ४०३ जातींच्या साडेसहा लाखांहून जास्त झाडांच्या मोजणीवर आधारलेला अभ्यास आला. बहुतेक जातींत झाड जितकं मोठं, तितकं ते वर्षाला जास्त वजन कमावतं, असं त्यात निघालं.

मग जुनं जंगल हळू वाढतं असं का म्हणतात? कारण प्रश्न एका झाडाचा नाही, हेक्टरचा आहे.

पुन्हा तेच गणित. सागाचं रोपवन २ बाय २ मीटरवर लावलं की हेक्टरी २,५०० झाडं बसतात. प्रत्येकी १२ चौरस सेंटिमीटर म्हणजे हेक्टरला वर्षाला ३ चौरस मीटर. पुढे विरळणी होते, काही झाडं दबून मरतात आणि शेवटी समजा २०० मोठी झाडं उरली. प्रत्येकी २५ चौरस सेंटिमीटर धरले तर अर्धाच चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक झाड पूर्वीपेक्षा दुप्पट कमावतंय आणि तरी हेक्टरची कमाई सहाव्या हिश्श्यावर आलीय. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, जमिनीप्रमाणे ते बदलतील. चित्र मात्र हेच राहतं.

याला कारणं एकापेक्षा जास्त आहेत. रोपवनात शेंडे एकमेकांना भिडेपर्यंत पानांचा पसारा दरवर्षी वाढत असतो, त्यामुळे वाढ उसळी घेते. एकदा वरची ताडपत्री तयार झाली की ऊन तेवढंच, पाणी तेवढंच आणि वाटेकरी ठरलेले. उंच झाडाला पाणी शेंड्यापर्यंत चढवायला जास्त ताण पडतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी यवतमाळच्या मुरमात मुळाशी ओल शिल्लक नसते तेव्हा तर आणखीनच. शिवाय मोठं खोड आणि मुळं जिवंत ठेवायलाही अन्न लागतं. यातलं कोणतं कारण किती मोठं, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत.

हा वाढीचा आलेख न समजल्यामुळे बऱ्याच लोकांचे पैसेही बुडाले आहेत. १९९० च्या दशकात 'सागाच्या झाडात गुंतवा आणि वीस वर्षांत मालामाल व्हा' अशा योजनांचं पेव फुटलं होतं. पहिल्या काही वर्षांचा वाढीचा वेग तसाच पुढे चालेल असं धरून स्वप्नं विकली गेली. शेवटी १९९९ मध्ये सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियम आणावे लागले. लाकूडही नुसतं जाड होऊन भागत नाही. सागाला टिकाऊपणा देतो तो आतला सोनेरी-तपकिरी गाभा. वाळवीला दूर ठेवणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं त्यात असतात. कोवळ्या सागात बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचं प्रमाण जास्त आणि गाभा कमी. गाभा भरायला वर्षंच लागतात, त्याला खत घालून फार घाई करता येत नाही.

आता मातीकडे वळू

यवतमाळची बहुतेक जमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली. सपाटीला काळी कापसाची माती, उतारावर उथळ मुरूम. जंगल उरलंय ते मुख्यतः उतारावर, कारण सपाटी कधीच शेतीखाली गेली. काळ्या मातीत साग भारी होईल असं वाटतं, पण पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी चिकणमाती सागाला सोसत नाही. त्याला निचरा हवा आणि कॅल्शियम हवं. कॅल्शियमची बेसॉल्टमध्ये चणचण नाही. वणी-झरी भागात तर चुनखडकच आहे. कमी पडतात ते नायट्रोजन, फॉस्फरस आणि सेंद्रिय कर्ब. एवढ्या उन्हात पालापाचोळा मातीत फार काळ साठून राहत नाही.

अशा जमिनीवर रोपवन लावलं की पहिली दहा-पंधरा वर्षं मातीवर सगळ्यात जास्त ताण येतो. झाड नवीन पानं, फांद्या, मुळं बांधत असतं आणि झाडाच्या शरीरात अन्नद्रव्यांचं प्रमाण पानांत आणि सालीतच जास्त असतं. लाकडात ते तुलनेने फारच कमी. म्हणजे वाढ कोवळी असते तेव्हा दर किलोमागे मातीला जास्त मोजावं लागतं.

शेंडे भिडले की मामला बदलतो. पानांचा पसारा आता वाढत नाही, दरवर्षी तेवढीच पानं येतात आणि जातात. आणि साग पानं टाकताना हात झटकून मोकळा होत नाही. पान पिवळं पडतं तेव्हा त्यातला बराचसा नायट्रोजन आणि फॉस्फरस तो आधी परत खोडात ओढून घेतो. झाडांमध्ये साधारणपणे निम्म्याच्या आसपास माल असा परत येतो. पुढच्या जूनमध्ये नवी पालवी फुटते ती काही अंशी याच शिलकीवर. कॅल्शियमचं तसं नाही, ते पानातून मागे फिरत नाही. ते पानासोबत खाली पडतं, कुजतं, मातीत मिसळतं आणि मुळांवाटे पुन्हा वर चढतं. म्हणून चांगल्या सागवनात वरच्या थरातल्या मातीत कॅल्शियम गोळा होताना दिसतं. खोलवरून उपसून वर आणून टाकणारा हा पंपच म्हणायचा.

नायट्रोजनला मात्र खडकातून फारसा पुरवठा नसतो, तो हवेतून यावा लागतो. साग स्वतः ते काम करत नाही. त्याच्या शेजारचे खैर, तिवस, बिजा करतात, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. याचं मोल किती हे पनामामध्ये मोजलं गेलं. शेती-कुरणं सोडून दिलेल्या जागी पुन्हा उगवणाऱ्या जंगलाला पहिल्या बारा वर्षांत लागलेल्या नायट्रोजनपैकी निम्म्याहून जास्त वाटा अशा झाडांनी पुरवला, असं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. जंगल जुनं झाल्यावर त्यांचं हे काम मंदावलं, कारण गरजच उरली नाही. आता नुसत्या सागाच्या रोपवनाचा विचार करा. ज्या वयात नायट्रोजनची भूक सगळ्यात मोठी, नेमकं त्याच वयात पुरवठादारांना तण म्हणून साफ केलेलं असतं.

नुसत्या सागाचा आणखी एक त्रास आहे आणि तो पावसात बघायला मिळतो. सागाचं पान सुपाएवढं. त्यावर पाणी साचून पडणारा थेंब साध्या पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असतो आणि तो पाच-दहा मीटरवरून खाली आदळतो. खाली पाचोळा किंवा झुडपं असतील तर काही बिघडत नाही. उघडी माती असेल तर ती उडते आणि उतारावरून वाहून जाते. म्हणजे वर दाट सागवन आणि खाली झीज, असं एकाच वेळी होऊ शकतं. जुन्या मिश्र जंगलात मधले मजले भरलेले असतात. पडलेली खोडं, वारुळं, बुरशी, अर्धवट कुजलेला पाला असा सगळा पसारा मातीवर असतो, त्यामुळे हा प्रकार कमी होतो.

आणि मग येतो वणवा. फेब्रुवारी ते मे हा त्याचा हंगाम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. ज्यांचं घर या दोन हंगामांवर चालतं त्यांना दोष देऊन विषय संपत नाही, पण मातीचा हिशोब समजून घ्यायला हवा. पाचोळा जळतो तेव्हा त्यातला बहुतेक नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. कॅल्शियम, पोटॅश, फॉस्फरस राखेत उरतात. त्यामुळे आग लागल्यावर पहिल्या पावसात हिरवळ जोरात फुटते आणि 'आगीने जमीन सुधारते' असा समज होतो. पण राख उतारावर उघडी पडलेली असते. जूनचा पहिला दणका आला की त्यातली बरीचशी नाल्यात. मोठा साग जाड सालीमुळे आगीतून वाचतो. बाकीच्या जातींची कोवळी रोपं दरवर्षी जळतात, सागाची रोपं जळूनही मुळापासून पुन्हा फुटतात. आगीच्या जंगलात साग वाढत जातो आणि सोबती कमी होत जातात, ते यामुळेच.

म्हणजे सत्तर वर्षांचं जंगल आपोआप सत्तर वर्षांची माती देत नाही. दरवर्षी जळणाऱ्या जंगलात झाडं म्हातारी आणि माती कोवळीच राहते.

खरंच जुनं जंगल बघायचं तर?

त्यासाठी यवतमाळहून पूर्वेला गडचिरोलीपर्यंत जावं लागतं. तिथे आलापल्लीजवळ 'वनवैभव' नावाचा सुमारे सहा हेक्टरचा जुन्या नैसर्गिक जंगलाचा तुकडा राखून ठेवला आहे. २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला, महाराष्ट्रातला पहिलाच. तोड नाही, लागवड नाही, पडलेलं झाड जागेवर कुजतं. यवतमाळपेक्षा तिथे पाऊस जास्त आहे, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही. पण जंगलाला वय झालं की कसं दिसतं याचा नमुना म्हणून एवढा तुकडा तरी शिल्लक आहे.

उलट टोकाचं उदाहरण केरळात. निलंबूरला १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांच्या काळात सागाची लागवड सुरू झाली. तिथे एकाच जमिनीवर सागानंतर पुन्हा साग घेतला गेला आणि दुसऱ्या फेरीत जमीन तेवढीच साथ देते का, यावर वनाधिकाऱ्यांचा वाद कित्येक दशकं चालला. वाद चालणारच, कारण प्रत्येक तोडीला लाकडासोबत साल बाहेर गेली, फांद्या-पाला जाळला आणि मोकळ्या जमिनीवर मुसळधार पाऊस पडला, तर नुकसान कशामुळे झालं हे वेगळं काढणं अवघड असतं.

आता हे सगळं कागदावर कसं येतं ते बघा. रस्ता, रेल्वे किंवा वणी भागातल्या कोळसा खाणींसारख्या प्रकल्पासाठी वनजमीन गेली की बदल्यात पर्यायी वनीकरण करावं लागतं. तेवढीच बिगर-वनजमीन किंवा दुप्पट खराब झालेलं वन, असा ढोबळ नियम. शिवाय एनपीव्ही नावाची रक्कम भरावी लागते. ती ठरते जंगलाचा प्रकार आणि दाटी यावर. वयाचा वेगळा रकाना तिथेही नाही. राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं, तेव्हाही चर्चा रोपं किती आणि जगली किती याचीच झाली. जगलेलं रोप पुढची पंधरा वर्षं मातीकडून घेणारं असतं आणि आधीच्या जंगलाने पाचोळ्यात, कुजक्या लाकडात, वरच्या वीतभर मातीत साठवलेलं भांडवल नव्या जागी नसतं. कार्बनच्या भाषेत बोलायचं तर नव्या रोपवनाचा वेग जास्त, जुन्या जंगलाची शिल्लक जास्त. वेग दाखवून शिल्लक मोडायची असेल, तर तोटा भरून यायला किती दशकं लागतील हे आधी मोजावं लागेल.

ज्यांच्या बांधावर साग उभा आहे त्यांच्यासाठी यातला कामाचा भाग थोडा वेगळा. साग अनुसूचित वृक्ष आहे, त्यामुळे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते आणि सातबाऱ्यावर झाडांची नोंद असेल तर काम सोपं होतं. तोडीच्या वेळी साल शक्यतो शेतातच सोलून घ्यावी. झाडातल्या कॅल्शियमचा मोठा वाटा सालीत असतो आणि व्यापारी पैसे देतो ते लाकडाचे, सालीचे नाही. पाला आणि बारीक फांद्या जाळण्याऐवजी बांधालगत पसरल्या तर नायट्रोजन जागेवर राहतो. खुंट जमिनीलगत आणि तिरका कापावा, म्हणजे पाणी साचत नाही. पावसाळ्यात त्याला मूठभर धुमारे फुटतात. त्यातला जमिनीजवळचा, सरळ आणि जाड असा एक ठेवून बाकीचे काढायचे. मात्र खुंट फार जुना आणि फार जाड असेल तर धुमारा फुटण्याची ताकद कमी झालेली असते. तिथे खुंटाची वाट न बघता शेजारी खड्डा घेऊन नवी साग जडी लावलेली बरी.